कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वन्यजीव निरीक्षणातून ‘सिटिझन सायन्स’मध्ये कसं सामील करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात नव्यानं रुजू झालाय, सिटिझन सायन्सचा, म्हणजे सामान्य लोकांनी केलेल्या नोंदींतून विज्ञान पुढं नेण्याचा, काहीतरी उपक्रम घ्या असं वरून सांगितलं गेलंय, तर ॲप कोणतं वापरावं, फक्त झूलॉजीची मुलं घ्यावीत की सगळी, आणि क्रेडिट कसे बसवावेत. ॲपचं आणि क्रेडिटचं खाली सांगते. पण मधल्या प्रश्नावरून मी आमच्या विभागात कित्येक वर्षं भांडले आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

सगळी घ्या. झूलॉजीची घ्याच, पण आर्ट्स, कॉमर्स, बीसीए, जो कोणी उजाडायच्या आत उठून यायला तयार आहे तो घ्या. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख म्हणायचे, “ज्यांना फायलम (प्राण्यांच्या वर्गीकरणातला मोठा गट) माहीत नाही त्यांच्या नोंदी कोण विचारात घेणार?” हे मत मला तेव्हाही पटलं नव्हतं. २०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. देशातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती त्यात मांडली आहे आणि ती मांडली आहे सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या याद्या भरायच्या ऑनलाइन व्यासपीठावर, टाकलेल्या तीन कोटी नोंदींवरून. हे तीस हजार लोक काही प्राणिशास्त्राचे पदवीधर नाहीत. नीलपंखासारखा तारेवर बसलेला सगळ्यांना दिसणारा पक्षी कमी होत चाललाय हे कळलं ते अशा साध्या लोकांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं म्हणून.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते, कारण त्यात तुमच्या बाकीच्या शंकांचीही उत्तरं आहेत.

आमचं कॉलेज सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात आहे. पुढं रस्ता, मध्ये इमारती आणि बाग, मागं पाण्याची टाकी, आणि टाकीच्या मागं माळ. पाऊस झाला तर दोन-तीन महिने हिरवा, मग पिवळा, आणि फेब्रुवारीनंतर नुसता मुरूम आणि मोज्यात घुसणारी कुसळं. कागदोपत्री ती जागा पडीक. अशा माळांना आपल्याकडे पडीकच म्हणतात, आणि म्हणून तिथं काहीही केलं तरी चालतं असं लोकांना वाटतं.

एनएसएसची काही मुलं आणि माझ्या वर्गातली काही अशी मिळून मी दोन वाटा ठरवल्या. पहिली गेटपासून बागेतून टाकीपर्यंत. दुसरी टाकीपासून माळावरून जुन्या विहिरीपर्यंत. दर शनिवारी उजाडल्यावर लगेच, प्रत्येक वाटेला अर्धा तास. नियम एकच: जे दिसलं आणि जे ऐकून ओळखता आलं ते सगळं लिहायचं, कावळ्या-साळुंक्यांसकट, आणि जमेल तिथं आकडा टाकायचा. निवडक काही नाही.

मुलं पहिल्या महिन्यातच कंटाळली. “मॅडम, तेच ते पक्षी.” खरंय, तेच ते पक्षी. काम तेच आहे. ई-बर्डवर यादी भरताना शेवटी विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का. त्याला ‘हो’ म्हणता आलं तरच त्या यादीला खरी किंमत येते, कारण मग तिच्यात जे नाही तेही बोलायला लागतं. दहा याद्यांपैकी नऊमध्ये बुलबुल आहे आणि दोनमध्ये नीलपंख, हे प्रमाण वर्षानुवर्षं कसं बदलतं यावरून तो पक्षी वाढतोय की घटतोय ते काढतात. नुसते नीलपंखाचे चार सुंदर फोटो टाकले तर त्यातून हे काहीच निघत नाही. चिमणीचंच बघा. चिमणी संपली असं जो तो म्हणतो. याच ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२० च्या अहवालात याद्यांवरून दिसलं ते असं की देशभरात मिळून ती साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र कमी झाली आहे. चिमणी लिहायचा ज्यांना कंटाळा आला नाही अशा माणसांमुळे हे समजलं.

हे मी वर्गात फळ्यावर समजावलं तेव्हा सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल तर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला. तिच्या घरी मेंढरं. सुट्टीत बापाबरोबर माळावर जायची. पुस्तकातली नावं तिला येत नव्हती. डोंबारी चंडोल हे नाव तिनं माझ्याकडून ऐकलं, पण तो पक्षी तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. नर वर चढत जातो, पंख मिटून खाली झोकून देतो, जमिनीजवळ आल्यावर परत वर उचलतो आणि खाली येताना शीळ घालतो, हे सगळं तिनं मला हातानं करून दाखवलं होतं. धाविक हा माळावरचा पक्षी पळतो कसा आणि मध्येच थांबून ताठ उभा राहतो कसा, तेही. मग तिनं वही घातली. तारीख, वेळ, वाट, ढग आहेत का, मेंढरं चरून गेलीत का. हा शेवटचा रकाना तिचा स्वतःचा. मला तो सुचला नव्हता, आणि माळाच्या नोंदीत त्याच्याइतकी उपयोगी माहिती दुसरी नाही.

एका एप्रिलमध्ये आम्ही माळावर गेलो तर चुन्यानं आखणी केलेली. समांतर रेघा आणि ठराविक अंतरावर फुल्या. पावसाळ्यात वृक्षारोपण होतं, त्याचे खड्डे आधी घेऊन ठेवायचे होते. मुलं रेघेवरून चालायला लागली आणि ही मुलगी ओरडली, “मॅडम, थांबा. पाय तिथंच ठेवा.”

समोर पीतमुखी टिटवी होती. डोळ्यांपुढं पिवळ्या चामडीची पट्टी असते ती, माळावरची. उडाली नाही. थोडी पळायची, थांबायची, मान खालीवर करायची, परत पळायची. मुलगी म्हणाली, “ती आपल्याला तिकडं नेतीय, म्हणजे अंडी इकडं आहेत.” आणि तिनं उभ्या जागेवरून बोट दाखवलं. मला बघायला वेळ लागला. जमिनीत उथळ खोलगट, कडेला बारीक खडे आणि मेंढरांच्या वाळक्या लेंड्या, आणि मधे चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली, मातकट रंगावर काळपट ठिपके. मुरमाच्या रंगात इतकी मिसळलेली की नजर जरा हलली की परत शोधावी लागायची. चुन्याची फुली हातभर अंतरावर. तिथं कुदळ पडणार होती.

लांबूनच एक फोटो घेतला, वेळ लिहिली आणि निघालो, कारण पक्षी अंड्यांवरून उठला की एप्रिलच्या उन्हात ती तापतात. परत येताना मुलांनी प्रत्येक फुलीच्या आसपास नजर टाकली. चंडोल घाबरून पायाखालून उडत होते.

वृक्षारोपणाला विरोध करायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला नोकरीत थोडी वर्षं काढलीत की कळेल. रोपं आलेली असतात, पाहुणे ठरलेले असतात, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये हरित परिसराचं पान असतं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. विभागप्रमुख म्हणाले, “झाडं लावू नका म्हणणारी प्राणिशास्त्राची प्राध्यापक मी पहिल्यांदाच बघतोय.” मी म्हणाले, झाडं लावू नका असं मी म्हणतच नाही, माळावर लावू नका एवढंच म्हणते. माळ ही जंगल नासून उरलेली जागा नाही. तिथं गवताचे पक्षी राहतात, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि रात्री गवतात जमिनीवरच बसतात, खोकड दिसतं. सावली पडली की ही मंडळी राहणार नाहीत. त्यांनी विचारलं, पुरावा काय?

पुरावा त्या मुलीच्या वहीत होता, म्हणून तिलाच बोलू दिलं. विभागप्रमुख सरांनी विचारलं, “एकूण जाती किती झाल्या?” ती उभी राहून म्हणाली, “सर, एकूण नका विचारू. बागेच्या वाटेवर डोंबारी एकदाही नाही. माळाच्या वाटेवर जवळपास दर शनिवारी आहे. दोन्ही वाटा एकाच सकाळी चालतो, मधे टाकी आहे फक्त. झाडं लावली की माळाची वाट बागेची वाट होणार.”

इतकं नेमकं विधान मी एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही फारसं ऐकलेलं नाही. सर म्हणाले, याला शास्त्रीय सॅम्पलिंग म्हणत नाहीत. मला राग आला तो या वाक्याचा. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेला अवधी, दोन वेगळे अधिवास, दोन वर्षांच्या नोंदी, आणि शून्यसुद्धा लिहिलेलं. आपण एम.एस्सी.ला ‘लाइन ट्रान्सेक्ट’ (ठरलेल्या रेषेवरून चालत नोंदी घेणं) म्हणून जे शिकवतो त्याचा गाभा याहून वेगळा नाही. फरक एवढाच की ते करणारी मुलगी कॉमर्सची होती.

प्राचार्य रसायनशास्त्राचे. त्यांनी एवढंच विचारलं, “मी शनिवारी आलो तर मला दिसेल का?” ती म्हणाली, “सहाला या.” ते आले. मोबाईल खिशात ठेवून पूर्ण अर्धा तास चालले, डोंबाऱ्याची झेप पाहिली, टिटवीचं घरटं लांबून पाहिलं.

निर्णय अर्धा झाला. टाकीलगतच्या माळावर रोपं लागली, विहिरीकडचा माळ तसाच ठेवला. घरटं ज्या पट्ट्यात होतं तिथले खड्डे रद्द झाले. मला सगळा माळ हवा होता, तो मिळाला नाही. जिथं रोपं लागली तिथं गिरिपुष्प वाढलंय, आणि त्या बाजूच्या याद्यांत धाविक आता जवळजवळ येत नाही. तो झाडांमुळेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण पाणी घालायला, आळी करायला तिथं माणसांची ये-जाही वाढली. पण आधी काय होतं हे लिहिलेलं आहे म्हणून निदान हा प्रश्न तरी विचारता येतो.

तर आता तुमचे प्रश्न.

ॲप: पक्ष्यांसाठी ई-बर्ड. फुलपाखरं, चतुर, कोळी, सरडे, वनस्पती यांसाठी आयनॅचरलिस्ट. मुलं ट्रेनमधून, हॉस्टेलच्या खिडकीतून, कुठूनही नोंद करू शकतात, पण तुमचा उपक्रम म्हणून एकच जागा धरा. एका फेरीला पंधरा मुलं गेली तर पंधरा वेगळ्या याद्या टाकू नका; एकानं यादी करायची आणि बाकीच्यांना ती ई-बर्डवरच शेअर करायची, म्हणजे ती एकच फेरी म्हणून मोजली जाते आणि नोंद सगळ्यांच्या खात्यात जाते. दुर्मिळ पक्षी टाकला की तपासणारे स्वयंसेवक विचारणा करतात. मुलांना त्याचा अपमान वाटतो. त्यांना सांगा की उत्तर द्यायचं, काय दिसलं ते वर्णन करायचं, आणि खात्री नसेल तर नोंद बदलायची. मर्लिन हे ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं, ते सूचना म्हणूनच घ्या. स्वतः ऐकून किंवा बघून पटल्याशिवाय यादीत टाकू देऊ नका. आयनॅचरलिस्टवर वर्गाला गृहपाठ देण्याआधी तुम्ही स्वतः काही आठवडे ते वापरा. नाहीतर पूर्ण वर्ग कुंडीतल्या जास्वंदीचे अंधुक फोटो टाकतो आणि ओळख पटवणाऱ्या अनोळखी लोकांचा वेळ जातो.

क्रेडिट: नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत, एनएसएसचे वर्षाला १२० तास आहेत, यांत हे सहज बसतं. गुण कशावर देता ते मात्र जपून ठरवा. जातींच्या संख्येवर गुण दिलेत तर मुलं न दिसलेले पक्षी लिहायला लागतील. गुण नियमितपणावर द्या, यादी पूर्ण आहे का त्यावर द्या, आणि सत्राच्या शेवटी स्वतःच्या नोंदींवरून एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर मांडता आलं का त्यावर द्या. “सर्वाधिक जाती पाहणाऱ्यास ढाल” हा प्रकार करूच नका. आमच्याकडे एक वर्ष तो आग्रहानं करायला लावला गेला आणि त्या वर्षीच्या त्या स्पर्धेच्या याद्या मी कधीच वापरत नाही.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या पक्षी-अभ्यासकांच्या जयंतींच्या मधला. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो आणि त्यातच कॉलेजांसाठी कॅम्पस बर्ड काउंट. मुलं जमवायला हे दिवस उत्तम. पण बॅनर, फोटो, प्रमाणपत्र आणि मग पुढच्या नोव्हेंबरपर्यंत शांतता, असं होणार असेल तर त्याला सिटिझन सायन्स म्हणू नका.

संख्या: सुरुवातीला बरीच येतील, टिकतील थोडी. थोडीच पुरतात. दोन दुर्बिणी असल्या तरी चालतं, माळावर आणि पाणवठ्यावर तर डोळ्यांनीही बरंच होतं.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या. घरट्याची जागा कुठंही जाहीर टाकू नका, घुबडाची तर मुळीच नाही. अंड्याला हात लावायचा नाही, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय आहे आणि पक्ष्याच्या जिवाचाही. वनखात्याच्या जमिनीवर जायचं तर आधी लेखी परवानगी. पावसाळ्यात पूर्ण बूट, कारण फुरसं आणि घोणस गवतात दिसत नाहीत. मुलींच्या घरी आधी स्वतः फोन करा; पहाटे पोरगी कुठं जाते हे घरच्यांना तुमच्याकडून कळलं पाहिजे. आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी सगळ्याला पुरतात असंही माझं म्हणणं नाही. वटवट्यांच्या जाती, उंचावरचे शिकारी पक्षी, पिल्लावस्थेतले पक्षी यांत चुका होतात. तिथं ‘वटवट्या, जात नक्की नाही’ असं लिहायला शिकवा, ई-बर्डवर तशी सोय आहे. वर्गीकरणशास्त्र शिकवणं वाया जातं असंही मी म्हणत नाही, मी स्वतः तेच शिकवते.

पण तुमच्या विभागात कुणी म्हणालं की बाहेरच्या शाखेची मुलं कशाला, तर वाद तत्त्वावर घालू नका. मी तो तसा घातला आणि वर्षं गेली. त्यांना एका शनिवारी वाटेवर न्या आणि यादी त्या मुलांना करू द्या. आमचे सर निवृत्त होईपर्यंत एकदाही आले नाहीत. आले असते तर त्यांना त्यांच्याच विषयाची एक चांगली विद्यार्थिनी कॉमर्सच्या वर्गात सापडली असती. तिनं पुढं बँकेची परीक्षा दिली, आता दुसऱ्या तालुक्यात नोकरीला आहे आणि तिथल्या तलावाच्या याद्या टाकते. इथली माळाची वाट सध्या बी.ए. भूगोलाची दोन मुलं चालवतात. मेंढरांचा रकाना त्यांनी तसाच ठेवलाय.

तुमच्या कॉलेजच्या आसपास नेमकं काय आहे ते कमेंटमध्ये लिहा: तळं, ऊस, डोंगर, की शहरातलंच आवार. फेरीची वेळ आणि वाटेची लांबी त्याप्रमाणे बदलते, ते मग सांगते.